दाराखालचा ओला टॉवेल

“दर थोड्या वेळानं हाक मारत राहा त्यांना,” खैरूनचाची उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. “आपण होऊन बाहेर यायचे न्हाईत ते. एकदा बसले की बसले.”

“चहा-पाणी बघते मी, चाची. काळजी नका करू.”

“चहाचं न्हाई म्हणत, बाई. हाक मारायची. ओ देतात का ऐकायचं. नीट ओ आली की मग आपल्या कामाला जायचं.”

त्यांच्या एका हातात कापसाची आणि मलमलच्या चिंध्यांची पिशवी होती, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी मौलाचाचांचं कोपर धरलं होतं. दोन जिने त्या तशाच चढून आल्या होत्या. चाचांनी कोपर सोडवून घेतलं.

“झालं का तुझं? पोरीला सासरी घालवायला आल्यागत करायलीस.”

“सासरी घालवलं असतं तर बरं झालं असतं. तिथं तरी कुणी नजर ठेवली असती तुमच्यावर.”

मी हसले, पण कान आतल्या खोलीकडे होते. सई झोपली होती आणि दारातून मला तिचा श्वास ऐकू येत नव्हता. चाची अजून काहीतरी सांगणार होत्या, त्यांनी तोंड उघडलंही होतं. मी “हो हो, मारते हाक” म्हणत चाचांना आत घेतलं, दार लोटलं आणि आत पळाले. सईच्या छातीवर तळवा ठेवून घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजलं. छत्तीस. ठीक होतं.

सई सातव्या महिन्यातच झाली होती. पहिले एकोणतीस दिवस ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती आणि मी बाहेर स्टुलावर बसून तिच्या बरगड्या वरखाली होताना बघायचे. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, हिची फुप्फुसं अजून कच्ची आहेत, धूर आणि उग्र वासापासून जपा. एवढंच म्हणाले होते. मी मात्र घरातली उदबत्ती बंद केली, फोडणी देताना आतलं दार लावायला लागले, खाली रस्त्यावर कुणी पालापाचोळा पेटवला की सगळ्या खिडक्या बंद. माझा नवरा निरंजन रोज मिरजेहून इचलकरंजीला बँकेत जायचा. संध्याकाळी आला की आधी विचारायचा, “आज किती?” त्याला ती गंमत वाटायची. मी खरोखरचा आकडा सांगायचे.

दहाव्या महिन्यात सई धरून उभी राहायला लागली. रस्त्याकडच्या खोलीत एक बुटकी खिडकी होती, तिची फळी बरोबर सईच्या तोंडाच्या उंचीवर. एके दिवशी तिच्या जिभेवर मला हिरवा तुकडा दिसला. खिडकीवरच्या ऑइलपेंटचा पोपडा. मी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली. जुन्या रंगात शिसं असतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. सईला घेऊन मी आठ दिवस सांगलीला आईकडे राहिले आणि निरंजननं त्या खोलीतल्या खिडकीच्या, दाराच्या चौकटी, भिंतीच्या पायाशी बसवलेल्या लाकडी पट्ट्या, सगळा रंग खरवडून घेतला. आत चांगलं सागवान निघालं. आता त्यावर लावायचं काय, हा प्रश्न होता. रंगारी जे जे सुचवायचा त्याचा वास महिनाभर जात नाही, असंही तोच सांगायचा.

खालच्या मजल्यावर सतार शिकवणारे एक सर राहत. ते म्हणाले, “लाख लावून घ्या. आमच्या वाद्यांना लावतात ती. मौलाचाचांना विचारा, त्यांच्यासारखा हात मिरजेत दुसरा नाही. सध्या घरीच असतात.”

म्हणून काम सुरू व्हायच्या तीन दिवस आधी चाचा पहिल्यांदा आले होते. बरोबर चाची होत्याच. सतरंजीवर बसून त्यांनी कागदाच्या तीन पुड्या सोडल्या. आत फुटक्या बांगडीच्या काचेसारखे पातळ तुकडे होते. चाचांनी पहिल्या पुडीतली चिमूट कानाशी नेऊन चुरडली.

“ही काळी. जुन्या तंबोऱ्याला लावायचो.” दुसरी चिमूट कानाशी गेली. “ही लिंबू लाख. आणि ही तिसरी धुतलेली, तिला रंगच न्हाई. हिनं लाकूड आजारी दिसतं.”

“कानानं कळतं तुम्हाला?”

“बेचाळीस वर्षं झाली, ताई. तिचा आवाज तिला, माझा मला.”

“लाकडाला गालसुद्धा लावतात,” चाची म्हणाल्या. “मला कधी लावला न्हाई एवढा.”

चाचा लाजले. मग सई रांगत आली आणि तिनं पुडीत हात घातला. मी झेप घेऊन तिला उचललं तशी ती किंचाळली.

“हिचा सूर वरचा हाय,” चाचा म्हणाले. “खुंटी जरा सैल सोडा, ताई. घेतली तोंडात तर घेऊ दे. दवाखान्यातल्या गोळीवर चकाकी असते बघा, ती हीच. पेपरमिंटावर हीच. झाडावरच्या किड्यानं केलेली वस्तू हाय, फॅक्टरीतली न्हाई.”

“आणि स्पिरिट? त्यातच विरघळवणार ना?”

“ते उडून जातं. लाकडावर निव्वळ लाख राहती.”

“उडून जातं कुठं?”

चाचा हसले. “कुठं जाणार? हवेत.”

मी लिंबू लाख ठरवली. भिजवायची मात्र माझ्या घरी, माझ्यासमोर, अशी अट घातली. चाचांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी काचेची बरणी मागितली, धातूच्या भांड्यात लाख काळी पडते म्हणाले. पुडी बरणीत रिकामी केली, वर स्पिरिट ओतलं, झाकण लावलं. “विस्तवाजवळ न्यायची न्हाई. येता-जाता हलवा फक्त. दोन रात्री लागतील.” स्पिरिटच्या कॅनवर कवटीचं चित्र होतं. त्याखालची बारीक अक्षरं मी वाचली, मिथाइल हा शब्द ओळखला आणि सईचा हात पोचणार नाही इतक्या उंच माळ्यावर कॅन ठेवून दिला.

चाचा मोरीत हात धुवायला गेले तेव्हा चाची हळू आवाजात म्हणाल्या, “हे काम नीट झालं तर पुतण्या परत सतारीच्या दुकानात बसवतो म्हणालाय त्यांना. दोन वर्षं झाली घरी बसून. माणूस वाळत चाललाय नुसता.”

“घरी का बसवलं?”

त्यांनी मोरीकडे बघितलं. “वय झालं म्हणतात.”

दोन रात्रींत बरणीतले तुकडे विरघळले. तळाशी गढूळ मेण बसलं होतं. मंगळवारी येऊन चाचांनी वरचं निवळ तेवढं मलमलमधून गाळून बाटलीत घेतलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

“उजेडाला धरा, ताई. काय रंग आलाय?”

“मधासारखा.”

“नव्या मधासारखा का जुन्या?”

“नव्या.”

“मग बरोबर. आता चिठ्ठीवर तारीख लिहा, मोठ्या अक्षरात. सहा महिन्यांनी ही वाळायची बंद होती. लावली तरी चिकट राहती. तवा ओतून द्यायची, जीव अडकवायचा न्हाई.”

एवढा जुना कारागीर मला रंग विचारतो, याचा मला अभिमान वाटला होता. संध्याकाळी निरंजनला मी ते दोनदा सांगितलं.

बुधवारी काम सुरू झालं, त्या दिवशी सकाळी चाची दारात उभ्या राहून हाक मारायला सांगत होत्या. श्रावण होता. बाहेर भुरभुर चालू होती आणि कपडे वाळत नव्हते. पहिल्या दिवशी मी चाचांना खिडकी उघडी ठेवायला सांगितली, सईला घेऊन स्वयंपाकघराच्या गॅलरीत बसले आणि तिथून तीन-चार वेळा हाकही मारली. दर वेळी खणखणीत ओ आली. दुपारपर्यंत मला वाटायला लागलं की ही चाचींची सवय असणार, जसं माझं मोजणं.

मधूनच मी दारातून डोकवायचे. कापूस मलमलमध्ये बांधून त्यांनी लिंबाएवढी पुरचुंडी केली होती. ती लाखेत भिजवायची, मनगटावर टेकवून ओल बघायची आणि लाकडावर वेटोळी काढत न्यायची. हात थांबत नव्हता. जिथं लाख लावून व्हायची तिथं ते डोळे मिटून गाल टेकवायचे आणि पुढं सरकायचे.

चारच्या सुमाराला मी सहज म्हणाले, “चाचा, हे पांढरं काय आलंय?”

त्यांचा हात थांबला. “कुठं?”

“हे काय, तुमच्या समोर. वाफ धरल्यासारखं.”

त्यांनी बोटं पुढं केली आणि मी दाखवलेल्या जागेच्या जरा डावीकडून चाचपत तिथं आणली. “ओल धरली. हवेतलं पाणी बसतं ओल्या लाखेवर. उतरवून परत लावायला पाहिजे. उद्या खिडकी लावून घेऊ, ताई. वारा नको आत.”

मला ते सोयीचंच होतं. खिडकीतून आत येणारा वारा स्पिरिटचा वास थेट आमच्याकडे ढकलत होता. त्या रात्री सई दोनदा खोकलीही.

गुरुवारी सकाळी चाचींना बाजाराला जायचं होतं, म्हणून त्यांनी चाचांना जिन्याच्या तोंडाशी सोडलं. चाचा कठड्याला धरून एकटेच वर आले. मी खिडकीच्या झडपा आतून लावून घेतल्या, ट्यूब लावली आणि म्हणाले, “चाचा, खोलीचं दारही लावून घेते. सईला वास नको.”

“लावा की.”

“काही लागलं तर?”

“वाजवतो दार.”

दार लावल्यावर खालच्या फटीतून वास येतच राहिला. मी आंघोळीचा टॉवेल भिजवला, पिळला आणि फटीत बसवला. वास थांबला. तो टॉवेल इतका नीट बसला होता की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

एक वाजता चाचा डबा खायला बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. भाकरीचा एक तुकडा मोडला आणि डबा लावून टाकला.

“का हो? जेवला नाहीत.”

“पोटात ढवळायलंय. डोकंबी जड हाय जरा.”

“चहा करू? बसा थोडा वेळ बाहेर.”

“बसून चालत न्हाई, ताई. शेवटचा हात चाललाय. हा मध्ये सोडला की जोड दिसतो. पुतण्या बघायला येणार हाय रविवारी, त्याला जोड दिसला न्हाई पाहिजे.”

ते आत गेले. मी दार लावलं, टॉवेल पुन्हा पायानं दाबून बसवला.

सईला त्या दिवसांत दात येत होते. सकाळपासून ती खांद्यावरून उतरायला तयार नव्हती. आदल्या रात्री मी तासभरसुद्धा झोपले नव्हते. अडीचच्या सुमाराला तिची मान माझ्या खांद्यावर एकदाची जड झाली आणि त्याच वेळी दारावर दोन थापा पडल्या.

“ताई, जरा दार काढता का?”

बाहेरून नुसती कडी होती, बोटानं सरकणारी. चाचांनी आतून दार ओढलं असतं तरी ते उघडलं नसतं. कडी मी का लावली होती, ते सांगते. सई रांगत जाऊन दार ढकलेल म्हणून.

मी दाराशी गेले आणि चौकटीजवळ तोंड नेऊन म्हणाले, “पाच मिनिटं, चाचा. आत्ता तिचा डोळा लागतोय. वास आला की खोकून उठते.”

 आतून आवाज आला, “बरं बरं. झोपू दे पोरीला.”

मी सईला गादीवर ठेवलं, शेजारी आडवी झाले, तिच्या छातीवर तळवा ठेवला आणि मोजायला लागले. एकतीसपर्यंत मोजल्याचं आठवतं.

सईनं गालावर चापट्या मारून मला उठवलं. ती हसत होती. घड्याळात सव्वाचार झाले होते.

मी तिला कडेवर घेऊन धावले. टॉवेल तसाच होता, पण वाळत आलेला. कडी काढली आणि दार उघडलं, तसं त्या वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सई खोकायला लागली. मी तिचं तोंड पदराखाली घेतलं.

खोली झळकत होती. खिडकीची चौकट, फळी, दाराची चौकट, पायाशी चाललेल्या पट्ट्या, सगळं एकाच रंगाचं, आतून उजेड असल्यासारखं. चाचा खिडकीखाली जमिनीवर बसले होते, पाठ भिंतीला, पाय पसरलेले. उजवा हात अजून पट्टीवर फिरत होता. पुरचुंडी कोरडी पडली होती.

“ताई?” त्यांनी तोंड वळवलं, माझ्यापासून हातभर बाजूला.

“हो चाचा.”

“लाइट गेली का?”

मी वर बघितलं. सईनंही बघितलं. ट्यूब चालू होती.

“हो,” मी म्हणाले. “आत्ताच गेली.” का म्हणाले ते मला आजही सांगता येणार नाही.

“तरीच. मगाधरनं अंधार वाटायलाय. म्हटलं, आभाळ भरून आलं असंल.” त्यांनी हात पट्टीवरून काढला. “पण हात सोडला न्हाई मी. सरळ ओढत आणलाय. जोड दिसतोय का बघा.”

“नाही दिसत.”

“मग बरोबर.”

मी खिडकीकडे गेले आणि झडपा उघडल्या. ओला वारा आत आला. चाचांनी तो नाकानं ओळखला.

“खिडकी उघडली? पांढरं पडंल, ताई.”

“पडू दे.”

बाहेरचा उजेड सरळ त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होत्या आणि हलत नव्हत्या. त्यांनी डावा हात उचलला, नाकासमोर आणला, बोटं पसरली, मिटली, पुन्हा पसरली. मग तो हात हळूच मांडीवर ठेवून दिला.

“दिवसाउजेडी लाइट गेली,” ते म्हणाले, “म्हणून एवढा अंधार होत न्हाई.”

रिक्षात मी चाचांच्या शेजारी बसले, सई मांडीवर. दहा महिने ज्या मुलीला मी रस्त्याची धूळ लागू दिली नव्हती, ती स्पिरिटनं भिजलेल्या बाहीशेजारी बसून चाचांचं बोट चघळत होती. लाखेनं पिवळं झालेलं बोट. चाचांनी ते काढून घेतलं नाही. एकदाच म्हणाले, “हिला घरी ठेवायची की, ताई. वास येत असंल माझा.”

दवाखान्यात त्यांना आत नेलं. मी निरंजनला फोन केला, सतारीच्या सरांना केला, त्यांनी चाचींना निरोप पोचवला. चाची आल्या तेव्हा त्यांच्या हातात बाजाराची पिशवी तशीच होती, वर मेथीची जुडी. त्या माझ्याशेजारी बाकावर बसल्या. डोळ्यांचे डॉक्टर बाहेर आले, तिशीचे असतील. स्पिरिटमधलं विष वाफेतून श्वासात गेलंय, हातांच्या कातडीतूनही गेलंय, उपचार सुरू केलेत, नजर कितपत परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. डोळ्यांमागची शीर आधीपासूनच सुकत आलेली होती, हेही म्हणाले. आजच्या दिवसानं किती गेलं, आणि आधीचं किती गेलेलं होतं, हे कुणालाच वेगळं काढता यायचं नाही.

ते गेल्यावर चाची बराच वेळ मेथीच्या जुडीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिल्या.

“दोन वर्षं झाली, कडंकडंनं धुरकट दिसायचं त्यांना,” त्या म्हणाल्या. “दुकानात नव्या सतारीला लिंबूच्या जागी काळी लाख लावली. गिऱ्हाइकाची सतार. तवा पुतण्यानं घरी बसवलं. इथंच दाखवलं होतं त्यांना. डॉक्टर स्पिरिट बंद करा म्हणाले, आणि बंद खोलीत तर अजिबात बसायचं न्हाई. पण हे ऐकतात होय. म्हणाले, एकच काम, उघड्या खिडकीचं. पुतण्याला दाखवायचंय, हातानं दिसतं मला. म्हटलं, चला. मी सोडायला येते, तिथल्या बाईंना सांगते.”

मी सईचं झबलं सारखं केलं.

“सांगणारच होते त्या दिवशी. पण त्यांच्यासमोर कसं सांगायचं? तोंड उघडलं, तेवढ्यात तू आत गेलीस. लहान लेकरू घरात, तुझी गडबड.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती चौकशी होती. “हाक मारली होतीस न्हवं, पोरी?”

“हो,” मी म्हणाले.

“ओ दिली?”

“दिली.”

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि थोपटला. “मग तू तरी काय करणार.”

सई त्यांच्या पिशवीतली मेथीची पानं ओढत होती. त्यांनी तिला उचलून मांडीवर घेतलं.

चाचांची नजर परत आली नाही. डाव्या डोळ्याच्या एका कोपऱ्यात उजेड आहे की नाही एवढं कळतं, बस. त्या वर्षी थंडी पडायला लागल्यावर चाची त्यांना एकदा घेऊन आल्या. चाचांना खोली बघायची होती. त्यांनी चौकटीला गाल लावला, खिडकीच्या फळीवरून तळवा नेला, मग खाली बसून पायाशी चाललेल्या पट्टीवरून बोटं फिरवत फिरवत कोपऱ्यात गेले आणि थांबले.

“हितं राहिलंय.”

खिडकीकडच्या कोपऱ्यात, कपाटाच्या आड, वीतभर लाकूड कोरं होतं. तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“बाटली हाय का अजून? सहा महिने झाले नसतील. देऊ का हात?”

“नको,” चाची आणि मी एकदमच म्हणालो.

चाचा हसले. “बघा, दोघी एक झाल्या.” मग त्यांनी विचारलं, “रंग टिकलाय का, ताई?”

“नव्या मधासारखा.”

“मग बरोबर,” ते म्हणाले आणि उठायला हात पुढं केला. तो चाचींनी धरला.

सई आता बारा वर्षांची आहे. तिला साधी सर्दीसुद्धा फारशी होत नाही. त्याच खिडकीच्या फळीवर पाय घेऊन बसते आणि अभ्यास करते. कोपऱ्यातलं वीतभर लाकूड कोरंच आहे. बाटली मी ओतून दिलेली नाही. चिठ्ठीवरची तारीख पुसट झाली आहे, पण मोठ्या अक्षरात आहे, माझ्याच हातची.

खैरूनचाची तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा त्या गुरुवारचं खरं सांगायचं ठरवून. पहिल्यांदा पुतण्याची बायको शेजारी होती. दुसऱ्यांदा कुणीच नव्हतं. चाचींनी विचारलं, “सई कशी हाय?” मी सईबद्दल बोलत राहिले. निघताना त्या म्हणाल्या, “येता-जाता त्यांना हाक मारत जा, पोरी. तू मारतेस हाक.”

आता दर गुरुवारी जाते. दुकानामागच्या खोलीत चाचा बसलेले असतात. पुतण्या त्यांच्या हातात वाद्याची रिकामी खोकी देतो, गाल लावून लाख नीट बसली का ते सांगायला. मी बोळाच्या तोंडापासून हाक मारते. ओ येते. तरीही आत जाते.

तुमच्या घरात आत्ता कुणी दार लावून काम करत असेल, रंग, पॉलिश, सफाई, काहीही, किंवा तुमच्या सोयीसाठी कुणाला तुम्ही “पाच मिनिटं” म्हणून थांबवलेलं असेल, तर हे वाचणं इथंच ठेवा आणि उठा. हाक मारा. ओ आली तरी दार उघडा. समोर उभे राहा आणि विचारा, लाइट आहे का म्हणून.